मामांची रबरी हातोडी

आमच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या शिरूर-दौंड पट्ट्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका दुसऱ्याला घाबरवणारा तर नाहीच नाही. भित्रा म्हणजे सापाला किंवा भुताला भिणारा नव्हे. माझं आजोळ घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडे. चहूकडे ऊस आणि उसात बिबट्या. तिन्हीसांजा झाल्या की गाव दारं लावून घेतं, पण मामांनी बिबट्याची कधी फिकीर केली नाही. त्यांना भीती माणसाच्या मांडीची, पोटरीची, घोट्याची. झोपेतून एकदम उठू नका, शिरा ताणल्या जातील. बादली वाकून उचलू नका. एसटी पकडायला धावू नका. एकदा ग्रामसभेत वनखात्याचा माणूस बिबट्यापासून सावध कसं राहायचं ते सांगत होता, तर मामा उठून म्हणाले, की बिबट्या दिसला तरी एकदम उसळी मारून पळू नये, पोटरी फाटेल. आधी हळू सुरुवात करावी आणि मग वेग धरावा. मागून कुणीतरी म्हणालं, "मग मास्तर, हे बिबट्याला पण समजावून सांगा." मामा गंभीरपणे म्हणाले की त्याला सांगायची गरज नाही, तो उठल्याबरोबर आधी अंग ताणून घेतो. सभा हसून लोटपोट झाली. मी मात्र त्या दिवसापासून अंथरुणातून उठताना आधी हातपाय ताणते. मी जन्माचीच भित्री, त्यात असा मामा.

मामा शिरूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी देवधर्माला लागतं, कुणी सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहतं. मामांनी हातोडी धरली. पंक्चर काढणाऱ्या इक्बालभाईंकडून त्यांनी ती खास करून घेतली होती. छत्रीच्या दांड्यावर टायरच्या रबराचा जाड तुकडा बसवलेला. बाहेरच्या खिशात पेन आणि आतल्या खिशात ही हातोडी. पाहुणा आला, पाणी प्यायला, की मामा म्हणणार, "पाय जरा लोंबता सोडा." गुडघ्याच्या वाटीखाली टप्पकन ठोका बसायचा, पाय उडायचा आणि मामांचा चेहरा उजळायचा. "शाबूत हाय," एवढंच ते म्हणायचे आणि मग चहा सांगायचे. पोस्टमन, मीटरचं रीडिंग घेणारा, मामीच्या भिशीतल्या बायका, कुणी सुटलं नाही. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराचा पाय इतका झकास उडाला की मामांनी पक्षबिक्ष न बघता त्याला मत दिलं. मामी म्हणायची, "दुसऱ्याच्या घरी गेलं की लोक आधी कुत्रं बांधलंय का इचारत्यात. आमच्याकडं येताना हातुडी कुठाय म्हणून इचारत्यात."

मला बघायला दौंडहून मंडळी आली तेव्हाची गोष्ट अजून आमच्या दोन्ही घरांत सांगितली जाते. मुलगा रेल्वेत, उंच, लाजरा. टीपॉयवर पोहे ठेवलेले, मी दाराच्या पडद्याआड घामाघूम. शिक्षण, पगार, शेती सगळं विचारून झालं आणि मामा खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "पाय लोंबता सोडा जरा." माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मुलाला वाटलं ही आमच्याकडची काही रीत असेल, त्यानं मुकाट पाय सोडला. पाय उडाला, टीपॉय उडाला आणि पोह्यांची ताटली थेट माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या नव्या साडीवर. मामा उठले, हातोडी खिशात घातली आणि म्हणाले, "मुलगा चांगला हाय. बातमी येतीया आन् जातीया. करा पक्कं." आता त्या मुलाशी माझं लग्न झालं हे सांगायला नकोच. सासूबाई मात्र आजही मामा आले की खुर्चीवर बसत नाहीत, खाली मांडी घालून पाय नीट दाबून बसतात.

ही बातमी म्हणजे काय, ते मामांनी आम्हा भाचरांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी मी सांगेन. स्नायूच्या आत, त्याच्या धाग्यांच्या गर्दीत, बारीक बारीक चात्या असतात. सूत कातायच्या चातीसारख्याच, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. त्यांच्या पोटाभोवती मज्जातंतू गुंडाळलेला. स्नायू ताणला की चाती ताणते, आणि तंतू लगेच कळवतो, इतकं ताणलं, इतक्या वेगानं ताणलं. ही बातमी पाठीच्या कण्यात पोचते आणि तिथूनच उलट हुकूम सुटतो, की आवळ. डोक्यापर्यंत प्रकरण जातच नाही. "गावातलं भांडण गावातच मिटलं," मामा म्हणायचे, "तालुक्याला जायाचं काम न्हाई." तालुका म्हणजे मेंदू. त्याला मागाहून नुसतं कळवतात, आणि त्या कळवण्यावरच त्याला डोळे मिटूनसुद्धा आपला हात कुठे आणि पाय कुठे ते ठाऊक असतं. स्नायू आखडला तर चाती ढिली पडेल आणि बातमी थांबेल, म्हणून तिची टोकंही बरोबरीनं आवळून तिला ताठ ठेवायची सोय आहे. राखणदाराला डुलकी लागू द्यायची नाही, असं मामांच्या भाषेत. वर्गात ते एका मुलाला डोळे मिटून हातात रिकामी बादली धरायला लावायचे आणि दुसऱ्याला तिच्यात हळूहळू पाणी ओतायला सांगायचे. बादली जड होत जायची, पण हात खाली जायचा नाही. "तुला कुणी सांगितलं जोर वाढव म्हणून?" मामा विचारायचे. पोरगं म्हणायचं, कुणीच नाही सर. मामा सगळ्या वर्गाकडे असं बघायचे, जणू ही सोय त्यांनीच बसवून दिलीय.

तर असा हा माणूस. आणि मग एका उन्हाळ्यात मामीचा मला दौंडला फोन आला. आवाज रडवेला. म्हणाली, "तुझं मामा माझ्यावर रागावल्यात. बोलत काही न्हाईत, पर घरात पाय आपटत चालत्यात. धप धप धप. म्या काय केलं ते तरी सांगावं." मी तिची समजूत घातली, पण मला चैन पडेना, कारण मामा रागावले की गप्प बसून शेंगा फोडतात, पाय आपटत नाहीत. मग एकेक कानावर यायला लागलं. मामा बिबट्याला भ्यायला लागले म्हणे. अंधार पडायच्या आत घरात येतात, आणि कधी बाहेर पडलेच तर बॅटरी समोर उसात न मारता स्वतःच्या पायांवर मारतात. गाव म्हणालं, शेवटी मास्तरांचीही तंतरली. सकाळी तोंड धुताना एका हातानं नळ घट्ट धरतात आणि एकाच हातानं तोंडावर पाणी मारतात. पायातली चप्पल रस्त्यात राहते आणि तसेच पुढे चालत जातात. ओळखीचं कुणीतरी ती घरी आणून देतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मास्तर नास्तिक झाले. भैरवनाथाच्या देवळात सगळे डोळे मिटून हात जोडतात, तर हे खांबाला धरून देवाकडे टक लावून बघत राहतात. विज्ञान वाचून वाचून शेवटी देवाशी वैर धरलं, असा निकाल पारावर लागून गेला होता.

सुट्टीत आम्ही आजोळी गेलो. आमच्या ह्यांनी सवयीनं ओट्यावर बसून पाय लोंबता सोडला आणि वाट बघत राहिले. मामांनी पायाकडे बघितलं, आणि मान वळवून पावसाविषयी बोलायला लागले. हातोडी खिशात नव्हती. पाय आपटणं, बॅटरी, देव, या सगळ्यानं मला काळजी वाटली होती. पण तो लोंबता सोडलेला पाय तसाच राहिला तेव्हा मी खरी घाबरले. ज्या माणसानं उभ्या गावाला घाबरवलं तो आता कशाला तरी स्वतःच घाबरला होता, आणि ते काय, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. मी घरी येऊन ह्यांना सारखी विचारायची, तुम्हाला काय वाटतं. हे म्हणायचे, वय झालं. वय झालं म्हणे.

नवरात्रात मी मुद्दाम एकटीच गेले. संध्याकाळच्या आरतीला मामा आणि मी देवळात गेलो. मामा नेहमीच्या खांबापाशी, मी त्यांच्या बाजूला. देऊळ भरलेलं, घंटा, टाळ्या, कापराचा धूर. आरती संपत आली की आमच्याकडे सगळेजण डोळे मिटून, हात जोडून, जागच्या जागी स्वतःभोवती एक गिरकी घेतात. मामांचे डोळे सताड उघडे आणि एक हात खांबाला. पुढे उभे असलेले एक वयस्कर आप्पा वळून म्हणाले, "मास्तर, देवावर डोळं वटारताय व्हय? आज तरी मिटा की." चारजण हसले. मामांचा चेहरा मी बघितला. वर्गात उत्तर न आलेल्या पोराचा असतो तसा. त्यांनी खांब सोडला, दोन्ही हात जोडले, आणि डोळे मिटले.

ते तिथल्या तिथे झुलायला लागले. आधी थोडे पुढे, मग मागे, मग जास्त. मला वाटलं मामा गिरकीच्या तयारीत आहेत. मग ते माझ्या अंगावरून घसरत सरळ फरशीवर आले. मी खाली बसून त्यांचा दंड धरला. आणि त्याच क्षणी मागून एका बाईनं हात वर करून हाळी दिली, "अंगात आलं, मास्तरांच्या अंगात आलं!" बघता बघता गर्दी मागे सरली आणि पुन्हा पुढे आली. नास्तिक म्हणून ज्याला नावं ठेवली त्यालाच नाथानं धरलं म्हटल्यावर काय विचारता. कुणी मामांच्या कपाळाला मळवट भरला, कुणी पायांवर डोकं ठेवलं. एका बाईनं हात जोडून विचारलं, की देवा, बिबट्या वस्तीवरून कधी जायचा? तेवढ्यात कुणाच्या तरी धक्क्यानं समई विझली, आणि त्या काळोखातून मामांचा आवाज आला, "दिवा लावा. मला माझं पाय दिसंनात." लोकांनी ते देवाचं बोलणं समजून एकमेकांना सांगितलं, आणि जो तो त्याचा अर्थ लावायला लागला. मी मात्र गुडघ्यांवर बसले होते, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते देवाचं बोलणं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर देवळामागच्या ओट्यावर, दिव्याच्या खांबाखाली आम्ही दोघं बसलो. मामांच्या कपाळावर तो मळवट तसाच. मी म्हटलं, हातोडी कुठाय? जवळ नाही म्हणाले. मी म्हटलं, मामा, हातोडी द्या. मग त्यांनी लेंग्याच्या नाडीपाशी खोचलेली हातोडी काढून दिली. म्हणजे रोज जवळ बाळगत होते. मी त्यांच्या गुडघ्याच्या वाटीखाली, त्यांनीच शिकवलेल्या जागी, ठोका दिला. पाय हलला नाही. मला वाटलं माझा ठोका चुकला. पुन्हा दिला. दुसऱ्या पायाला दिला. ते लोंबते पाय तसेच राहिले, वाळत घातलेल्या धोतरासारखे. मी हातोडी ओट्यावर ठेवली.

"सकाळच्याला मीच मारून बघतो," मामा म्हणाले. "रोज. वाटतं, आज उडंल." आपल्या पावलांकडे बघत ते पुढे म्हणाले, "इनामगावात ती जुनी माणसं सापडली ना, खोदकामात? मोठ्या माणसाला पुरताना पावलं कापून पुरायचे. भूत होऊन चालत घरी येऊ नये म्हणून, म्हणत्यात. माझं तसं झालंय बघ. घोट्याच्या खाली मी हायच की न्हाई, मलाच कळंना. डोळ्यानं बघितलं तर हाय. डोळं मिटलं की संपलं."

पायांत ताकद होती. त्याच आठवड्यात त्यांनी ज्वारीचं पोतं उचलून आत ठेवलं होतं. ताकद होती, बातमी नव्हती. मी विचारलं, मग डॉक्टरकडे का गेला नाहीत? एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस. मामा म्हणाले की ठाऊक आहे म्हणूनच. ज्याला काही ठाऊक नाही तो एकाच रोगाला भितो, मला पुस्तकातले सगळे ठाऊक आहेत. मामीला का सांगितलं नाही, तर म्हणाले, तिला वाटू दे मी रागावलोय, राग उतरतो असं तिला माहितेय. हे ऐकून मला रडूच आलं. रडत रडतच मी त्यांना सांगितलं की उद्याच्या पहिल्या गाडीनं तुम्ही माझ्याबरोबर दौंडला येताय, नाहीतर मी आत्ता जाऊन मामीला सगळं सांगते. मी आयुष्यात कुणाला दरडावलं असेल तर ते तेवढंच.

दौंडच्या स्टँडवर एसटीतून उतरताना मामा पायरीवर थांबले आणि आपल्या पायाकडे बघून त्याला खाली ठेवायला सांगितल्यासारखं त्यांनी तो टेकवला. मागचे लोक ओरडत होते. दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मामांना निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा धरून वर-खाली करत विचारलं, आता वर की खाली? मामा विज्ञानाच्या मास्तरांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वर." अंगठा खाली होता. "खाली." वर होता. एकदाही शंका न येता ते चुकत होते, आणि मी भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होते. मग बाईंनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्यावर टेकवला. हाच काटा मामांनी वर्गात हजारदा वाजवला असेल. "लागतंय का थरथरल्यासारखं?" बाईंनी विचारलं. मामांनी डोळे उघडले, काट्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "वाजतोय ते ऐकू येतंय."

रक्त तपासलं. निघालं काय, तर बी बारा नावाचं जीवनसत्त्व तळाला गेलेलं. मांसाहार मामांनी कधीच सोडला होता, दूध पित्त होतं म्हणून बंद, आणि त्या पित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षं शेंगदाण्यासारख्या खाल्लेल्या, ज्यांनी हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, चात्या जागेवर असतील, पण त्यांची बातमी नेणाऱ्या तारांचं आवरण झिजलंय, कण्यातसुद्धा. इंजेक्शनं घ्यायची. बरंच परत येईल, सगळं येईलच असं सांगता येत नाही. लवकर आला असतात तर बरं झालं असतं. मामा मान खाली घालून ऐकत होते. माझ्या मनात त्यांची ती सगळी पुस्तकं आणि त्यातले सगळे रोग येऊन गेले, आणि निघालं ते इतकं साधं, की ते वर्गात शिकवायच्या तक्त्यावरसुद्धा असतं. उठता उठता मामांनी विचारलं, "बाई, राग येणार नसंल तर पाय जरा लोंबता सोडता का?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बाई हसल्या आणि त्यांनी सोडला. उडाला. "शाबूत हाय," मामा म्हणाले. कित्येक महिन्यांनी तो शब्द ऐकला.

मग इंजेक्शनं सुरू झाली. मामीला सगळं सांगितल्यावर ती आधी दिवसभर रडली आणि मग खरोखरची रागावली. आता घरात पाय आपटत ती चालायची. अंगणात तिनं रांगोळीची एक सरळ रेघ काढली आणि मामा सकाळ-संध्याकाळ तिला पाय न लावता तिच्या कडेकडेनं चालायचे, आधी पायांकडे बघत, मग समोर तुळशीकडे बघत. मी फोनवर रोज एकच विचारायची. मामी म्हणायची, आज रेघ कमी पुसली. गावाला मात्र आम्ही काही सांगितलं नाही, आणि मास्तरांच्या अंगात येतं ही समजूत काही गेली नाही. बिबट्याची विचारणा करायला बायका अजून येतात. मामा त्यांना सांगतात, एकदम पळू नका.

चैत्रात जत्रेला मी गेले. मामा बरेच सुधारले होते. धप धप कमी झालं होतं, चप्पल पायात राहत होती. गुडघा मात्र उडत नव्हता. फार जोरात मारलं तर मांडीत काहीतरी हलल्यासारखं वाटतं, असं ते म्हणायचे, आणि ते खरं होतं की आमच्यासाठी होतं ते मला कळलं नाही. आरतीला आम्ही उभे राहिलो. खांब हाताच्या अंतरावर होता. मामांनी तो धरला नाही. त्यांनी मला मागे उभं राहायला सांगितलं, आणि मान न वळवता म्हणाले, "हात लावू नको. पर हलू बी नको तिथनं."

त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. थोडे पुढे झुलले. मी दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे धरून उभी, माझ्या पोटऱ्या दगडासारख्या आवळलेल्या. ते मागे आले. पुन्हा थोडे पुढे. मग त्यांच्या पायांची बोटं फरशीला घट्ट धरताना मला दिसली, टाचा दबताना दिसल्या, आणि ते थांबले. भोवती सगळं देऊळ डोळे मिटून गिरकी घेत होतं. मामा जागचे हलले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "हायस नव्हं मागं?"

"हाय मामा," मी म्हटलं. माझे हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब होते, आणि आरती संपून लोक प्रसादाला सरकले तरी मी ते खाली घेतले नाहीत.